निळ्या रेघेच्या आत

पृथ्वी तापते आहे हे शिकवण्यासाठी मी नववी ब च्या मुलांना ऐन ऑक्टोबरात लोकरीचे मफलर विणायला बसवलं होतं. वर्गात पंखे तीन, त्यातला एक फिरताना खडखडायचा म्हणून बंद. मुलांच्या तळहातांच्या घामाने लोकर ओली होत होती आणि मी फळ्यापाशी उभी राहून सांगत होते की लाल पट्टा म्हणजे उष्ण वर्ष, निळा म्हणजे थंड वर्ष. आठवड्यात लाल लोकर संपली आणि निळी तशीच गुंडाळलेली राहिली. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "बाई, पण हा घालायचा कधी?" प्रश्न चोख होता. मी त्याला खाली बसवलं.

मी सव्वीस वर्षं भूगोल शिकवते आहे आणि माझं डोकं ठिकाणावर आहे, हे इथेच सांगून ठेवते. मफलर माझ्या डोक्यातून निघालेला नाही, खोक्यातून निघाला. कुठल्याशा भल्या संस्थेने शाळाशाळांतून खोकी वाटली होती. वर सात रंगांत लिहिलेलं होतं, 'कुमारवयीन मुलांसाठी हवामानबदलाचे सर्जनशील साहित्य'. ते कसं वापरायचं याचं एक दिवसाचं प्रशिक्षणही झालं. हॉलमध्ये एसी इतका लावलेला की आम्ही सगळ्या बायका कानांवरून पदर घेऊन बसलो होतो, आणि समोरचा तरुण पोटतिडकीने वीज वाचवायला सांगत होता. एसी जरा कमी करा म्हटलं तर म्हणाला, रिमोट सापडत नाहीये. दुपारी चहा जास्त गेला तेवढाच.

खोक्यात एक हवा भरायचं पांढरं अस्वल होतं. ते वर्गात ठेवायचं म्हणजे मुलांना त्याच्याविषयी आपुलकी वाटेल, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. आमच्या अस्वलाला कुठेतरी बारीक भोक होतं. सकाळी शिपाई सायकलच्या पंपाने हवा भरायचे, पहिल्या तासाला ते ताठ असायचं, आणि चौथ्या तासाला गणिताच्या सरांपुढे मान टाकायचं. गणिताच्या सरांनी ते मनाला लावून घेतलं. मग एक सापशिडी होती. विमानप्रवासाच्या घरात सोंगटी पडली की साप गिळायचा. आमच्या वर्गात विमानतळासाठी गाव हललेली पाच-सहा मुलं आहेत. त्यांतल्या एकीने हात वर केला आणि विचारलं, "बाई, विमानात बसलो नाय, पन घर दिला, तर साप का शिडी?"

मी पुस्तिका चाळली. त्यात नव्हतं.

इथवर मी निव्वळ खोक्याची नोकर होते. पण खोक्यात उपक्रमांची कार्डंही होती, त्यांतलं नऊ नंबरचं वाचलं आणि माझ्या अंगात आलं. कार्डावर लिहिलं होतं, 'आपल्या परिसरात उद्याच्या समुद्राची रेघ ओढा.' ही मुलं आजी-आजोबा होतील तेव्हा भरतीचं पाणी कुठवर येईल, त्याची उंची दिली होती आणि सोबत निळा खडू होता. मला वाटलं, हा खरा भूगोल! बाहेर जायचं, मोजायचं, खूण करायची. आमच्या पनवेलच्या खाडीशी बंदराच्या जुन्या पायऱ्या आहेत, भरतीची काळी खूण त्यांवर कायमची बसलेली आहे. तिथून सुरुवात करायची आणि रेघ कोळीवाड्यातून बाजाराच्या मागपर्यंत न्यायची. एका मुलाचे वडील उलव्याला गवंडीकाम करतात. त्याने त्यांची लेव्हलची नळी आणली. पारदर्शक पाइपात पाणी भरलं की दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं, एवढं साधं यंत्र. मुलांना त्या नळीने जे समजलं, ते माझ्या सव्वीस वर्षांच्या खडूने समजलं नव्हतं.

खडू मात्र टिकेना, हात लागला की पुसला जायचा. तेव्हा कळंबोलीहून येणारा एक मुलगा पुढे झाला. त्याचे वडील ट्रक रंगवतात. "बाई, रंगाचं टेन्शन घेऊ नका," म्हणाला, आणि रविवारी निळ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन हजर. घरी त्याचाही हात बसलेला. सुरेख सरळ रेघ ओढायचा, आणि प्रत्येक घरापाशी रेघेच्या वर वळणदार अक्षरांत लिहायचा, 'ह.ब. १', 'ह.ब. २'. म्हणजे हवामान बदल, घर क्रमांक अमुक. आकड्याच्या दोन्ही बाजूंना कमळं काढायचा. मी म्हटलं, कमळं नकोत. तो म्हणाला, "बाई, कमळाशिवाय नंबर उघडा वाटतो."

एकतीस घरं झाली. शेवटचं, ह.ब. ३१, माझ्या वर्गातल्याच एका मुलीचं. दोन वेण्या घालणारी, कमी बोलणारी, नळीचं टोक धरायला सगळ्यांत हुशार. तिची आई बाजारात मासे विकते. मी तिच्याकडूनच मांदेली आणि बोंबील घेते, ती माझ्यासाठी राखून ठेवते आणि भाव मात्र एक पैसा कमी करत नाही. मुलीने स्वतःच्या घराच्या भिंतीवर नळी धरली, खूण केली आणि बाजूला झाली. रेघ गुडघ्याच्या जरा खाली आली. मी पट्टी लावून पाहिली, कार्डाशी तंतोतंत जुळत होती. सगळ्यांसमोर मी तिला दहापैकी दहा दिले. त्या संध्याकाळी घरी जाताना मी चक्क गुणगुणत होते.

मंगळवारी शाळेच्या फाटकात माणसं उभी.

आमच्याकडे एक रीत पडली आहे. ती कोणी शिकवत नाही, ती इथल्या पाण्यातच आहे. दोन पिढ्या इथे कोणी ना कोणी मोजायला येत राहिलं. रस्ता आला, रेल्वे आली, बंदर आलं, नवं शहर आलं, विमानतळ आला. आधी नळी, दुर्बीण, फीत घेतलेली माणसं येतात. मग भिंतीवर रंगाने आकडा पडतो. मग यादी, मग सुनावणी, मग कधीतरी भूखंड. त्यामुळे भिंतीवर आकडा दिसला की आमचा माणूस आधी यादीत नाव आहे का ते बघतो, आणि प्रकल्प कुठला ते मागाहून विचारतो. आणि आम्ही तर नळी घेऊन गेलो होतो, वर कमळंही काढली होती.

पहिले आले ते पांढऱ्या शर्टातले एक काका. बाजाराजवळ त्यांची तीनमजली इमारत आहे. "मॅडम, रेघ आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबलीये," ते म्हणाले. "जरा वर घ्या की."

"अहो, ती समुद्राच्या पाण्याची रेघ आहे."

"कशाची का असेना. आम्ही काय गावाबाहेरचे?"

"तिथवर समुद्र येणार आहे, काका. घरात पाणी शिरणार."

"हो, पण बाधित म्हणून नाव लागणार ना?" त्यांनी खिशातून घडी घातलेला उतारा काढला. मी त्यांना पृथ्वीचा गोल दाखवला. त्यांनी तो नम्रपणे पाहिला आणि उताऱ्याची झेरॉक्स माझ्या टेबलावर ठेवून गेले.

आठवड्याभरात निळ्या रेघेच्या आत सात पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. एकीत तर दाराऐवजी नुसती चौकट होती, पण नावाची पाटी होती. मोबदल्यात झाडं वेगळी धरतात हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तेव्हा लोकांनी रेघेच्या आत शेवगा, आंबा, नारळ, जे हाताला लागेल ते खोचलं. चार नंबरचं कार्ड होतं, 'झाड लावा, पृथ्वी वाचवा'. त्या कार्डावर मी महिनाभर घसा कोरडा केला होता आणि एक तुळससुद्धा लागली नव्हती. आता समुद्र येणार म्हटल्यावर गल्लीत चालायला जागा उरेना. आमचे मुख्याध्यापक मोठे समयसूचक. ते जाऊन झाडांचे फोटो काढून आले, अहवालाला जोडले, आणि त्या भल्या संस्थेने आमच्या शाळेचं अभिनंदन केलं. मानपत्रात माझं नाव होतं. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी स्टाफरूममध्ये जाऊन डबा खाल्ला.

मग फ्लेक्स लागला. 'निळी रेघ बाधित संघर्ष समिती'. वर नऊ चेहरे, प्रत्येकाच्या डोळ्यांवर गॉगल, आणि कोपऱ्यात शाळेच्या ग्रुप फोटोतून कापलेली मी. खाली 'मार्गदर्शक'. माझ्या नवऱ्याने येता-जाता त्या फ्लेक्सला नमस्कार करायला सुरुवात केली.

आतल्यांची समिती झाल्यावर बाहेरच्यांची होणारच. त्यांनी शाळेवर मोर्चा आणला. तिसऱ्या मजल्यावर राहणारी, बाल्कनीत कुंड्या लावणारी, शिकलीसवरलेली माणसं भर दुपारी घोषणा देत होती, "समुद्र आमच्या हक्काचा!" माझ्या वर्गातली मुलं खिडक्यांना लोंबकळून आपापले आईवडील शोधत होती. त्या दिवशी अस्वलही दुसऱ्याच तासाला खाली बसलं.

शेवटी मुख्याध्यापकांनी मला सभागृहात उभं केलं. म्हणाले, तुम्हीच समजवा. मी नकाशा लावला. ध्रुवावरचा बर्फ, गाड्यांचा धूर, गिरण्या, कोळसा, सगळं साध्या मराठीत सांगितलं. हा प्रकल्प नाही, हे पाणी आहे, कोणी काही देणार नाही, हे तीनदा सांगितलं. लोक शांतपणे ऐकत होते. मागे एक म्हातारे कोळी उभे होते, डोक्याला रुमाल बांधलेला. त्यांनी हात वर केला, अगदी वर्गातल्यासारखा.

"बाई, मना येवढाच सांगा. पानी आनतंय कोन?"

याचं उत्तर पुस्तिकेत होतं. मी ते म्हटलं. "आपण सगळेच."

म्हाताऱ्यांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "माजी होडी वल्ह्याची हाय," ते म्हणाले. ओरडले नाहीत, वाद घातला नाही. नुसती माहिती दिली. मला इतकी लाज वाटली की मी नकाशाची गुंडाळी करायला लागले आणि ती सरळ होईना.

सभा पांगल्यावर मासेवाली मागे थांबली. ह.ब. ३१. मला वाटलं, हीसुद्धा आता भूखंडाचं विचारणार, आणि खरं सांगते, माझा जीव विटला होता. ती म्हणाली, "बाई, मना काय नको. ती रेग पुसू नका, बस."

मी विचारलं, का?

मग तिने सांगितलं ते असं. आजूबाजूला भराव पडत गेला, जमीन उंच होत गेली, आणि उधाणाचं पाणी जायला जागा उरली नाही तसं ते तिच्या घरात यायला लागलं. कुणाच्या घरात पाणी येतं याची पाहणी दोनदा झाली. दोन्ही वेळा पाहणीवाले आले ते उन्हाळ्यात, भर ओहोटीला. कोरड्या लादीवर चपला काढून उभे राहिले, तिने दिलेला चहा प्याले आणि कागदावर लिहून गेले, 'कोरडे'. बांध घालायचा झाला, पंप द्यायचा झाला, की यादी निघते आणि तिचं घर 'कोरडे'मध्ये. "माज्या घरान पानी येतंय आन् कागदावर मी कोरडी," ती म्हणाली. "तुमी पयल्या मानूस, आमच्या भिंतीवर पानी हाय म्हनून लिवणाऱ्या. म्हनून म्हनते, ऱ्हाऊ द्या."

'बघते' म्हणून मी नकाशा काखेत मारला आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापकांना वरून फोन आला. वरून म्हणजे किती वरून ते त्यांनी सांगितलं नाही, पण ते उभं राहून बोलत होते. फोन ठेवून म्हणाले, "सगळ्या रेघा शुक्रवारपर्यंत पुसा. झाडं राहू द्या."

ट्रकचा रंग पुसला जात नाही. तो ऊन, पाऊस आणि घाट यांच्यासाठीच बनवलेला असतो. टर्पेंटाइन झालं, तारेचा ब्रश झाला, कळंबोलीचा मुलगा एकीकडे घासत होता आणि दुसरीकडे वडिलांच्या रंगाचा त्याला अभिमान वाटत होता, तो लपत नव्हता. शेवटी चुना आणला. तीस घरांवर तीन-तीन हात चुना मारला. कमळं तरी खालून फिकट दिसत राहिली. पत्र्याच्या खोल्यांचे मालक कोणी रडले, कोणी मला शिव्या दिल्या. एकाने त्याच दिवशी खोली भाड्याने दिली.

एकतिसाव्या घरी मी मुलांना नेलं नाही. एकटीच गेले, हातात चुन्याचा डबा आणि कुंचला. मुलगी दारात अभ्यास करत बसली होती. तिच्या आईने डब्याकडे पाहिलं.

"पुसा," ती म्हणाली. "पन आदी आत या."

मी कधी आत गेले नव्हते. पलंगाच्या चारी पायांखाली सिमेंटचे ठोकळे होते, दोन-दोन. फ्रीज स्टुलावर. गॅसची शेगडी इतक्या उंचावर की तिला पाट घेऊन उभं राहून स्वयंपाक करावा लागत असणार. स्विचबोर्ड डोक्याच्या वर. भिंतीला हिरवा रंग होता, पण खालच्या भागाचे पापुद्रे निघालेले आणि त्यांवर मिठाची पांढरी बुरशी फुललेली. ती जिथे संपत होती तिथे एक स्वच्छ आडवी कड होती, कोणी लेव्हलच्या नळीने ओढावी तशी. ती माझ्या मांडीपर्यंत येत होती.

बाहेर आमची निळी रेघ गुडघ्याच्या खाली होती. ही मुलं आजी-आजोबा होतील त्या काळातली.

"हे कधीचं?" मी विचारलं.

"गेल्या श्रावनातला. अवसेचा उधान."

मी मुलीकडे वळले. मला राग आला होता, आणि मला राग आला की तो समोर असेल त्याच्यावर निघतो. "तू नळी धरली होतीस. तुला माहीत होतं पाणी कुठवर येतं. मग खाली का खूण केलीस? मला सांगितलं का नाहीस?"

ती उभी राहिली. घरात होती तरी बाकावरून उठावं तशी उभी राहिली. "बाई, कार्डावर तेवढंच होतं," ती म्हणाली. "परीक्षेत कार्डावरचंच लिहायचं ना?"

मी तिला दहापैकी दहा दिले होते. सव्वीस वर्षं मी हेच शिकवत आले, की पुस्तकात आहे ते लिहा, मनाचं लिहू नका, मार्क जातात. हे पोर आपल्या पलंगाखाली पाणी बघत झोपलं आणि पुस्तकातलं लिहून आलं. मी तिथे त्या ठोकळ्यांवरच्या पलंगावर बसले आणि मला रडू आलं. मासेवालीने गडबडून चहा टाकला. मला रडायला काय झालं, हे तिला अजिबात समजलं नाही, आणि तिला वाटलं मला उपास असेल.

चहा पिऊन झाल्यावर मी मुलीकडे वहीचा कागद मागितला आणि लिहिलं. मी अमुक, अमुक वारी या घरात स्वतः गेले. आतल्या भिंतीवर खाऱ्या पाण्याची खूण स्वतः पाहिली. जमिनीपासून तिची उंची इतकी, मुलीने पट्टीने मोजली, मी तपासली. हे घर कोरडे नाही. खाली सही केली. मासेवालीने कागद घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाली, "शिक्का?"

माझ्या पर्समध्ये एकच शिक्का असतो, मुलांच्या वह्यांवर मारायचा. 'तपासले'. मी तो मारला. ती इतकी खूश झाली की मला वाईट वाटलं, कारण त्या शिक्क्याला वहीबाहेर काय किंमत आहे ते मला माहीत होतं.

मला माहीत होतं म्हणे! तिने कागदाची झेरॉक्स काढली, मूळ कागद लॅमिनेट केला, आणि मासे विकून झाल्यावर रिकामी पाटी काखेत घेऊन, यादी निघते त्या ऑफिसात गेली. तिथल्या कारकुनाने दोन्ही बाजूंनी वाचलं. हे कोणी तपासले, त्याने विचारलं. "भूगोलाच्या बाईंनी," ती म्हणाली. त्याला काय वाटलं देव जाणे. तोही कधी कुणा बाईंच्या वर्गात बसला असणार. त्याने झेरॉक्स ठेवून घेतली आणि पोच दिली. पंप अजून आलेला नाही. पण नव्या यादीत तिच्या नावापुढचं 'कोरडे' गेलं आणि तिथे 'तपासणे' असं लिहिलं गेलं. तिने मला ते बोंबलांबरोबर सांगितलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा भावात कमी केलं.

घराबाहेरच्या रेघेवर मी चुना मारला. खोटी होती म्हणून मारला, वरून फोन आला म्हणून नव्हे. एवढं मला लिहून ठेवायचं आहे.

पुढचा पावसाळा आला तेव्हा मुलगी दहावीत गेली होती. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी ती उशिरा शाळेत आली, पिंडऱ्यांवर चिखल वाळलेला. वर्गात न जाता थेट स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. दप्तरातून तिने तो लॅमिनेट केलेला कागद काढला. कडेने तो तिने ब्लेडने नीट कापून उघडला होता.

"आईने विचारलंय, यातच खोडून लिहिलं तर चालेल का, की नवीन करावा लागेल?"

"काय लिहायचं?"

"उंची. काल रात्री चार बोटं वर आलं. मी मोजलंय, बाई."

मी कागद घेतला. काही खोडलं नाही. आधीच्या ओळीखाली तिने मोजलेली उंची लिहिली, तारीख टाकली, सही केली, शिक्का मारला. मग सगळ्यात खाली पट्टीने आणखी तीन रिकाम्या ओळी आखल्या आणि कागद तिच्या हातात दिला.